मर रोगावर बुरशीचाच उतारा

हरभरा फुलोऱ्यात येतो आणि हिरवीगार झाडं एकाएकी माना टाकतात. खोड उभं चिरलं तर आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. हा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवते. शेतात हरभरा नसतानाही ती जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते, त्यामुळे वरून फवारून फारसं साधत नाही.

तिला मातीतच गाठणारी ट्रायकोडर्मा हीही बुरशीच. ती रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांच्यावर जगते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं. तिची विकरं शत्रूची पेशीभित्तिका विरघळवतात. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्नही ती आधीच बळकावते.

पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ट्रायकोडर्माची साधारण ४ ते ५ ग्रॅम भुकटी चोळून बी सावलीत सुकवतात. आल्या-हळदीच्या कंदकुजीसाठी ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत देतात.

मात्र हा जिवंत माल आहे. मुदत संपलेलं किंवा उन्हात तापलेलं पाकीट घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत तर ती मिसळूच नये. आणि एकदा झाड वाळलं की ती ते परत उभं करत नाही. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘विजय’, ‘दिग्विजय’ यांसारखे मर रोगाला दाद न देणारे वाण जोडीला हवेतच.