पगाराचा विमा? हो, असतो!

मोबाइलचा विमा काढता, बाइकचा काढावाच लागतो. पण पगाराचं काय? मशीनमुळे जॉब गेला, दुसरा मिळाला, पण पगार कमी, तर मधला खड्डा कोण भरणार?

अमेरिकेने 2002च्या व्यापार कायद्यात यावर तोडगा काढला. आयातीमुळे नोकरी गेलेल्या, पन्नाशी गाठलेल्या कामगाराने कमी पगाराचं काम धरलं, की फरकाची निम्मी रक्कम सरकार द्यायचं. समजा, तुम्ही महिना 3000 डॉलरवरून 2200वर आलात, तर 400 डॉलर वरून मिळणार. तेही दोन वर्षं.

गोची एकच. नोकरी परदेशी मालाने घालवली तरच पैसे. रोबोटने घालवली तर ठणठणगोपाळ! घरातली चूल मात्र दोन्हीकडे सारखीच विझते. 2016मध्ये ओबामांनी ही सोय वाढवायचं सुचवलं, पण ते बारगळलं. जुलै 2022पासून तर जुन्या योजनेतही नव्यांना प्रवेश बंद झाला.

बेकारभत्ता घरी बसल्यावर मिळतो, हा विमा कामाला लागल्यावर. म्हणूनच माणूस ‘तेवढ्याच पगाराची’ वाट बघत न बसता नवं काम शिकायला धजावतो. उद्या ऑटोमेशनवर गप्पा रंगल्या, की ‘नोकऱ्या जाणार का?’ याच्यापुढचा प्रश्न तुम्ही विचारा : गेल्यावर पगाराचं काय?