नाताळची चांदणी आणि जातीचा दाखला

डिसेंबर उजाडला की कृष्णेच्या दक्षिणेकडील आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत कागदी चांदण्या दिसू लागतात. गुंटूर, बापट्ला, ओंगोल या पट्ट्यात गावाच्या मुख्य वस्तीपासून अलग अशी दलितांची वस्ती असते. जातीप्रमाणे तिला मालपल्ली किंवा मादिगपल्ली म्हणतात. यांपैकी बहुतेक वस्त्यांत एक तरी चर्च असते, काही ठिकाणी दोन-तीन असतात. जनगणनेचे आकडे मात्र वेगळे सांगतात. १९७१ साली आंध्र प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या चार टक्क्यांहून थोडी अधिक होती. २०११ साली अविभाजित आंध्रात ती १.३४ टक्के उरली. चर्चची संख्या वाढत असताना ख्रिस्ती माणसे कागदावरून कुठे गेली, याचे एकच एक कारण सांगता येणार नाही. पण त्यातील एक मोठे कारण अवघ्या काही ओळींच्या सरकारी आदेशात आहे, हे त्या भागात ज्याने तहसील कचेरीचा कारभार पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही.

मी सेवेतील पहिली वर्षे याच भागात उपजिल्हाधिकारी म्हणून काढली. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने फायलींच्या पलीकडचे थोडे वाचण्याची सवय होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात ओंगोलचे अमेरिकन बाप्तिस्त मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि हजारो मादिगांना मजुरी मिळवून दिली. धान्यासाठी कोणी धर्म बदलू नये म्हणून दुष्काळ सरेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मे थांबवले होते. दुष्काळ सरला आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीच्या काठी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. गुंटूरकडे ल्यूथरन मिशनचे काम १८४२ पासून सुरू होते. तिकडे बरेच माला ख्रिस्ती झाले. म्हणजे या वस्त्यांतला ख्रिस्ती धर्म आता पाच-सहा पिढ्यांचा आहे. तेथे नाताळ हा बाहेरून आलेला सण राहिलेला नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या चार दिवसांसाठी मी अशाच एका मालपल्लीत राहिलो. यजमान माझ्या जुन्या कचेरीतील अभिलेखपाल. तेही आता निवृत्त आहेत. घरात त्यांची पत्नी, सरकारी शाळेत शिक्षक असलेला मुलगा, सून आणि साडेपाच वर्षांची नात. गावाचे व माणसांची नावे मुद्दाम देत नाही. कारण पुढे स्पष्ट होईलच. नातीला सगळे चिन्नी म्हणतात, तेलुगूत चिन्नी म्हणजे लहानगी.

सणाची तयारी त्या भागातील कोणत्याही सणासारखीच होती. भिंतींना चुना झाला होता, अंगण सारवले होते. डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास सुरू होतो आणि किनारी आंध्रात घरोघरी रोज पहाटे मोठी रांगोळी पडते. तिला मुग्गू म्हणतात. या घरातही मुग्गू होता, फक्त त्याच्या मधोमध चांदणी होती आणि तिच्यात रंग भरण्याचा मान चिन्नीचा होता. ती एका पाकळीत तीन रंग भरी आणि आई ते पुसून एक करी. मुलगी पुन्हा तीन भरी. संध्याकाळी चर्चमध्ये मुलांच्या नाटिकेची तालीम असे. चिन्नी देवदूत होती. पुठ्ठ्याचे पंख तिने दोन दिवस आधीच अंगात चढवले आणि जेवतानाही काढायला नकार दिला. रात्री वस्तीतील तरुण ढोल वाजवत, गाणी म्हणत दारोदार फिरले. प्रत्येक घराने यथाशक्ती पैसे किंवा तांदूळ घातले. त्यांच्यामागून अंधारात जाण्याचा तिचा हट्ट आजोबांनी अर्धा पुरवला. गल्लीच्या टोकापर्यंत खांद्यावर नेले आणि झोपलेली परत आणली.

स्वयंपाकघरात अरिसेलु चालले होते. मराठी वाचकांच्या अनारशाचे हे आंध्रातील भावंड. भिजवून निथळलेल्या तांदळाचे ओलसर पीठ गुळाच्या पाकात घोटायचे, तिळावर थापायचे, तळायचे आणि दोन झाऱ्यांमध्ये दाबून तूप-तेल काढायचे. तीन आठवड्यांनी संक्रांतीला गावाच्या मुख्य वस्तीत हेच अरिसेलु होतात. तीळ चिकटवण्याचे काम चिन्नीकडे होते. त्यातील आठ-दहा तिने बाजूला काढून ठेवले, अंगणवाडीच्या बाईंसाठी. या बाई मुख्य वस्तीत राहतात, शेतकरी जातीच्या आहेत आणि चिन्नीवर त्यांचा जीव आहे. वडिलांच्या आईला तेलुगूत नानम्मा म्हणतात. नानम्माने ते अरिसेलु पुन्हा डब्यात टाकले आणि नातीच्या हाती बेकरीतून आणलेल्या केकचे खोके दिले. मुख्य वस्तीतल्या ओळखीच्या घरांसाठी तशी सहा खोकी आणून ठेवलेली होती. मी विचारले, तेव्हा नानम्मा जराही कडवटपणा न आणता म्हणाल्या, “केकला आमचा हात लागलेला नसतो, सार.” केळी आणि केक घेतले जातात. या घरातले तळलेले-शिजवलेले काही घरे आजही घेत नाहीत. न घेणारे तोंडाने काही बोलत नाहीत आणि देणाराही प्रसंग येऊ देत नाही.

आता चांदणीविषयी. दरवर्षी या घराच्या गच्चीवर बांबूच्या कामट्यांची, रंगीत कागदाची, आत दिवा असलेली चांदणी लागत असे. मागच्या नाताळात ती लागली नाही. वस्तीतील वीस-बावीस घरांनी वर्गणी काढून चर्चच्या खांबावर एकच मोठी चांदणी चढवली होती. काटकसर हे दिलेले कारण. खरे कारण यजमानांच्या मुलाने रात्री सांगितले. महिनाभरापूर्वी, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता. पुद्दुचेरीच्या एका तरुणीने हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. तिचा तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणे लक्षात घेऊन न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. या मुलाची शिक्षकाची जागा अनुसूचित जातीच्या कोट्यातील आहे. कोणी एक तक्रार केली, एक छायाचित्र जोडले, तर नोकरी चौकशीत जाईल. गच्चीवरची चांदणी हा त्याच्या दृष्टीने सण नव्हता, पुरावा होता.

ही भीती निराधार नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील परिच्छेद ३ नुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेर राहिले. आदेशातील ‘मानणे’ म्हणजे काय, याचा महत्त्वाचा निवाडा नागपूर जिल्ह्यातील उमरेड मतदारसंघातून आला, हे महाराष्ट्रात अनेकांना आठवत असेल. १९६२ साली राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे स्वीकारणे, असा अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयाने त्याला अपात्र ठरवले. बौद्धांपुरता तो प्रश्न संसदेने १९९० मध्ये सोडवला. ‘उघडपणे’ हा निकष मात्र आंध्रातल्या चांदणीवर अजून लागू आहे.

मुळात परिच्छेद ३ मागचे गृहीतक असे की अस्पृश्यता ही हिंदू समाजरचनेतून आली आणि ती रचना सोडणाऱ्याला ती चिकटून राहत नाही. तत्त्व म्हणून ते समजू शकते. व्यवहार तसा नाही. मुख्य वस्तीतील माणूस पल्लीतल्या माणसाचा धर्म विचारून त्याच्या हातचे नाकारत नाही, तो त्याची वस्ती पाहून नाकारतो. चर्चही यातून मुक्त नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथॉलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे, आणि देशातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणपत्रात चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली आहे.

या भागापासून फार दूर, ऐझॉलमध्ये याच वयाच्या मुलीचा नाताळ कसा असतो, ते एकदा केंद्रीय प्रतिनियुक्तीवर असताना मी पाहिले. मिझोराममध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. घराघरावर दिवे असतात, सारे शहर सामुदायिक मेजवानीला बसते आणि मुलीच्या ख्रिस्ती नावावर अनुसूचित जमातीचा दाखला विनासायास निघतो, कारण जमातींच्या आदेशात धर्माची अट कधीच नव्हती. आदिवासींचे वेगळेपण धर्मावर नव्हे, तर भाषा, भूमी आणि एकाकीपणावर ठरते, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो मान्य केला तरी परिणाम असा की एकाच प्रजासत्ताकात एक मूल सण उघड साजरा करते आणि दुसऱ्याचे वडील दिवा कुठे लावावा याचा कायदेशीर सल्ला घेतात.

बदलाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. अनुसूचित जातींचा वाटा ठरलेला आहे, त्यात नवे भागीदार आले तर आधीच्यांचे कमी होईल, ही भीती खरी आहे. मिशनच्या शाळांमुळे धर्मांतरितांना शिक्षणाची आघाडी मिळाली, ती स्पर्धेत दिसेल, असेही म्हटले जाते. समता सांगणारा धर्म स्वीकारायचा आणि जातीची सवलतही मागायची, यात विसंगती आहे, हा तिसरा आक्षेप. तिसऱ्याला उत्तर सोपे आहे. सवलत श्रद्धेसाठी नसते, समाजाने केलेल्या वागणुकीसाठी असते. पहिल्या दोन्हींना उत्तर व्यवस्थेतूनच द्यावे लागेल. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि आंध्रने २०२५ मध्ये ते अमलातही आणले. धर्मांतरितांसाठी वेगळा, मोजून ठरवलेला उपवाटा देता आला तर जुन्या वाटेकऱ्यांचे संरक्षण राहते.

त्याहून तातडीचे आहे ते प्रश्नांची फोड करणे. विधिमंडळातील राखीव जागा, नोकरी, शिष्यवृत्ती आणि अत्याचारापासून संरक्षण हे चार वेगळे विषय आज एकाच परिच्छेदाला बांधलेले आहेत. त्यातले काही सुटे करता येतात, हे आंध्रने दाखवले आहे. १९७७ मध्ये राज्याने धर्मांतरित दलितांना काही बिगर-वैधानिक सवलती दिल्या आणि मागासवर्गाच्या ‘क’ गटात त्यांच्यासाठी एक टक्का त्याआधीपासूनच राखीव होता. पण २०२५ मध्ये त्याच राज्याच्या उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या प्रकरणात सांगितले की धर्मांतरानंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. प्रचलित कायद्यानुसार न्यायालयाला दुसरे सांगता आले नसते. मात्र जातीवरून शिवी देणारा किंवा हात उगारणारा समोरच्याची बाप्तिस्म्याची नोंद तपासत नाही. नोकऱ्यांचा प्रश्न कितीही काळ लांबो, निदान हे संरक्षण धर्मापासून वेगळे करण्यास संसदेला कोणाचाही वाटा कमी करावा लागणार नाही.

दिल्लीत हा विषय थंड पडलेला आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. केंद्राने ती स्वीकारली नाही. सर्वोच्च न्यायालयातील याचिका २००४ पासूनची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती वाढवावी लागली. मार्च २०२३ मध्ये आंध्र विधानसभेने केंद्राला विनंती करणारा ठराव केला. ठराव पोचले, उत्तर आले नाही.

या जूनमध्ये चिन्नी पहिलीत गेली. ग्राम सचिवालयात दिलेल्या दाखल्याच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आहे, चर्चच्या नोंदवहीत तिचे बाप्तिस्म्याचे नाव आहे. दोन्ही नोंदी तिच्याच आहेत आणि एकमेकींना खोटे पाडतात. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार आहे. प्रगणक त्या घरी जाईल तेव्हा त्यालाही असाच पर्याय ठेवावा लागेल. जात सांगितली तर धर्म लपवायचा, धर्म सांगितला तर जात गमवायची. ज्या देशाने कोट्यवधी रुपये खर्चून आपली माणसे मोजायची ठरवली आहेत, त्याने निदान ती माणसे खरे बोलू शकतील अशी व्यवस्था आधी करावी. बालकृष्णन आयोगाचा अहवाल त्या मोजणीच्या आत यावा, संसदेत मांडला जावा आणि त्यावर होय किंवा नाही असे उत्तर मिळावे. नाही आले तरी चालेल, पण ते संसदेने कारणांसह सांगितलेले असावे. पंचाहत्तर वर्षे ते तहसील कचेरीच्या खिडकीवर सोडून देण्यात आले आहे.