वेगाची हौस भागवा, पण ट्रॅकवर!

छताखालच्या गो-कार्टिंगची मजा आई-बाबा आणि मुले सगळ्यांनाच लुटता येते. मात्र हेल्मेट चढवण्यापूर्वी काही गोष्टी नीट पाहून घ्यायला हव्यात.

मे महिन्यातली दुपार. रायपुरात पारा ४४ अंशांवर गेलेला. रस्त्यावर चिटपाखरूही नाही. कूलरसमोर बसून कंटाळलेला दहावीतला मुलगा तिसऱ्यांदा विचारतो, ''बाबा, स्कूटरची किल्ली द्या ना! तेलीबांधा तलावापर्यंत जाऊन लगेच येतो.''

बाबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, ''लायसन्स आल्यावर.''

''माझे सगळे मित्र चालवतात.''

''मित्रांच्या बाबांना चालत असेल, मला चालत नाही.''

आई काहीच बोलत नाही, पण स्वयंपाकघरातून तिचे कान तिकडेच असतात. किल्ली द्यावी तर मुलगा घरी परतेपर्यंत जीव टांगणीला. न द्यावी तर संध्याकाळपर्यंत त्याचे तोंड फुगलेले. चौबे कॉलनी असो की तात्यापारा, वयात येणारी मुले असलेल्या घरात हा संवाद थोड्याफार फरकाने होतोच. नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते पाहिले की भल्याभल्यांचा पाय अॅक्सिलरेटरवर जड होतो, मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे काय सांगावे?

वेगाची ओढ हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो ही ओढ कुठे भागवायची याचा. त्याचे एक चांगले उत्तर म्हणजे गो-कार्टिंग. सुटीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जाल किंवा एखाद्या मोठ्या मॉलमध्ये ट्रॅक दिसेल, तेव्हा नुसते बाहेरून पाहून परतू नका. तिकीट काढा आणि मुलांबरोबर तुम्हीही आत शिरा.

गवत कापण्याच्या यंत्रातून शर्यतीकडे

गो-कार्टचा जन्म १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी लू बोरेली या मित्राच्या मदतीने लोखंडी नळ्यांचा एक छोटा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. हौस म्हणून बनवलेली ही गाडी पाहायला गर्दी जमू लागली. थोड्याच वर्षांत कार्ट बनवणारे कारखाने निघाले आणि १९६४ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली.

आज फॉर्म्युला वनमध्ये गाजलेल्या बहुतेक सर्व चालकांनी पहिले धडे कार्टवरच गिरवले आहेत. ब्राझीलच्या आयर्टन सेनाला वडिलांनी बालपणीच गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावलेली कार्ट बनवून दिली होती. जर्मनीच्या मायकेल शूमाकरचे वडील व्यवसायाने गवंडी. त्यांनी चार वर्षांच्या मायकेलच्या पायडलच्या गाडीला मोटारसायकलचे इंजिन बसवले. पोराने ती गाडी दिव्याच्या खांबावर आदळली! वडिलांनी गाडी काढून घेतली नाही, तर मुलाला कार्टिंग क्लबमध्ये घातले. पुढे वडील ट्रॅकची देखभाल करू लागले आणि आई तिथले उपाहारगृह सांभाळू लागली. हाच मुलगा पुढे सात वेळा जगज्जेता झाला.

आपल्याकडेही हे वेड नवे नाही. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर झाल्या आहेत. कुस्ती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराने ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक दिले. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये एका देशव्यापी कार्टिंग शोधमोहिमेतून निवडला गेला आणि २०२० मध्ये त्याने बहरीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली.

आणि हा केवळ मुलांचा खेळ आहे, असेही समजू नका. वडोदऱ्याची मीरा एरडा नवव्या वर्षी कार्टिंगकडे वळली. मुंबईत वाढलेली स्नेहा शर्मा किशोरवयात कार्टच्या नादी लागली. पुढे ती शर्यतीत तर उतरलीच, शिवाय प्रवासी विमानाची वैमानिकही झाली.

एवढीशी गाडी, एवढी मजा

कार्ट पाहिल्यावर पहिल्यांदा हसूच येते. दार नाही, छप्पर नाही, गिअर बदलण्याची भानगड नाही. उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. बस्स! पण आसन जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असल्यामुळे ताशी ४० किलोमीटरचा वेगही दुप्पट वाटतो. गाडीला स्प्रिंगा किंवा शॉक-अॅब्सॉर्बर नसतात, त्यामुळे जमिनीचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीला कळतो. चाक जरा वळवले की गाडी लगेच वळते. आठ-दहा मिनिटांची फेरी संपवून उतरल्यावर मनगटे आणि दंड भरून आलेले असतात. 'यात कसला आलाय व्यायाम?' म्हणणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे उत्तर मिळते.

गंमत म्हणजे इथे अंगापिंडाने मोठा तोच जिंकतो असे नाही. भाड्याच्या सगळ्या कार्ट साधारण सारख्याच ताकदीच्या असतात. त्यामुळे हलक्या वजनाच्या चालकाची गाडी लवकर वेग घेते. वीस वर्षे मोटार चालवणारे बाबा मागे पडतात आणि आयुष्यात कधी स्टिअरिंग न धरलेली मुलगी पुढे निघून जाते, हे दृश्य ट्रॅकवर नेहमीचे. शेवटी प्रत्येकाच्या फेऱ्यांची वेळ फलकावर झळकते, तेव्हा तर घरातल्या मानापानाची सगळी उतरंडच उलटीपालटी होते. पुढचे आठ दिवस जेवताना दुसरा विषय नसतो.

जिंकायचे तर आधी हळू व्हा

नवखा चालक समजतो, अॅक्सिलरेटर दाबून ठेवला की झाले. प्रत्यक्षात वळणावर त्याची गाडी घसरते, गिरकी घेते आणि बाकीचे शांतपणे पुढे जातात. अनुभवी चालक वळण येण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावतो. वळणात शिरताना तो ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असतो, मध्यावर आतल्या कडेला टेकतो आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या कडेकडे जातो. यामुळे वळण जणू सरळ होते आणि वेग कमी मोडतो.

यामागे कारणही आहे. मोटारीची मागची दोन चाके वळताना वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. कार्टची मागची चाके मात्र एकाच अखंड दांड्यावर बसवलेली असतात. त्यामुळे ती वळायला कुरकुर करते. चालकाने चाक हलकेच, पण ठामपणे वळवले तर आतले मागचे चाक किंचित उचलले जाते आणि गाडी अलगद वळते. घाईने हिसका दिला तर ती घसरते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबू नयेत, हा तर पहिला नियम.

थोडक्यात काय, तर पुढे जायचे असेल तर योग्य जागी थांबता आले पाहिजे. बाबांनी हेच शंभर वेळा सांगितले तर ते 'लेक्चर' होते. ट्रॅकवर मात्र एक गिरकी घेतली की मुलाला ते आपसूक पटते.

मजेला गालबोट लागू नये म्हणून

असे असले तरी कार्ट हे खेळणे नव्हे, यंत्र आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे एका तरुण विवाहितेचे केस कार्टमध्ये अडकले आणि आनंदाची सहल क्षणात शोकात बुडाली. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळ एका विद्यार्थिनीचा अशाच प्रकारे बळी गेला. दोन्ही वेळी कारण एकच, मोकळे राहिलेले लांब केस.

हे का घडते, हे समजून घ्यायला हवे. कार्टचे इंजिन आणि फिरणारा दांडा आसनाच्या अगदी मागे-बाजूला असतो. हेल्मेटखालून बाहेर आलेली वेणी किंवा गळ्यातली ओढणी वाऱ्याने मागे जाते आणि दांड्यात गुंडाळली जाते. मग सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे केस घट्ट बांधून, डोक्याला चिकटून बसणाऱ्या कापडी टोपीत कोंबून मगच वर हेल्मेट घालावे. ओढणी, स्कार्फ, मफलर, साडीचा पदर, लोंबती नाडी यांतले काहीही ट्रॅकवर चालणार नाही. साडी नेसून गेलेल्या आई-मावशींनी 'एकच चक्कर, काय होतंय?' असे म्हणूच नये. दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज घालून, ओढणी घरी ठेवून यावे.

बंदिस्त ट्रॅकवर आणखी दोन धोके असतात. पहिला आगीचा. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जणांचा बळी गेला. त्यांत सुटीच्या दिवशी खेळायला आलेली लहान मुलेही होती. तिथेही कार्टिंग होते, इंधनाचा साठा होता आणि अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र मात्र नव्हते. दुसरा धोका धुराचा. पेट्रोलच्या इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. हवा खेळती नसेल तर डोके दुखू लागते, मळमळते, गरगरते. म्हणूनच छताखालच्या ट्रॅकवर विजेवर चालणाऱ्या कार्ट अधिक चांगल्या. त्यांचा धूर नाही आणि आवाजही कमी. अनेक ठिकाणी तर कर्मचारी बाहेरून बटण दाबून सगळ्या गाड्यांचा वेग एकदम कमी करू शकतात.

तिकीट काढण्यापूर्वी पाच मिनिटे

ट्रॅक कुठल्याही शहरातला असो, पैसे भरण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहा.

• बाहेर पडायला किमान दोन मोकळे दरवाजे आहेत का? त्यांपुढे खुर्च्या-खोकी तर रचलेली नाहीत ना?

• अग्निशामक नळकांडी जागेवर आहेत का? पेट्रोलचे कॅन उघड्यावर दिसतात का? दिसले तर सरळ परत फिरा.

• कार्टचे इंजिन आणि मागचा दांडा झाकलेला आहे का? कडेचे टायर किंवा प्लॅस्टिकचे कठडे एकमेकांना जोडलेले आहेत का?

• गाडी सुरू करण्यापूर्वी कर्मचारी सूचना देतात का? केस आणि कपडे तपासतात का? जो कर्मचारी तुमच्या मुलीची ओढणी काढायला सांगतो तो कटकट्या नाही, तोच खरा हितचिंतक.

• हेल्मेट डोक्यावर घट्ट बसते का? नुसते डोक्यावर ठेवलेले आणि पट्टा न लावलेले हेल्मेट असून नसून सारखेच.

• उंचीचा नियम पाळला जातो का? 'आमचा बंटी मोठा दिसत नाही, पण चालवतो छान' असा आग्रह धरू नका. पाय ब्रेकपर्यंत पोचत नसतील तर त्याला वर्षभर थांबू द्या.

गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण, तसेच पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी बाहेर बसून टाळ्या वाजवाव्यात. ट्रॅकवर झेंड्यांची भाषा असते, तीही मुलांना आधीच समजावून सांगा. पिवळा म्हणजे पुढे काही घडले आहे, सावध राहा आणि कुणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, वाट द्या. लाल म्हणजे फेरी थांबवा. काळा-पांढरा चौकड्यांचा म्हणजे फेरी संपली. गाडी मध्येच बंद पडली तर खाली उतरू नये. हात वर करून बसून राहावे, कर्मचारी येतात.

ट्रॅकवरून रस्त्यावर येताना

एक धोका मात्र पालकांनी ओळखून असावे. ट्रॅकवर दोन फेऱ्या जिंकल्या म्हणजे आपल्याला गाडी येते, असे मुलांना वाटू लागते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. रस्त्यावर समोरून ट्रक येतो, गल्लीतून सायकल येते आणि दुभाजकावरून गाय उतरते. तिथे टायरचे कठडे नसतात.

शिवाय कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हौसेपायी दिलेली किल्ली किती महाग पडू शकते, ते यावरून लक्षात येईल.

म्हणून मुलाशी सरळ बोला. 'स्कूटर मिळणार नाही' एवढेच सांगून थांबू नका. 'स्कूटर अठराव्या वर्षी, पण या सुटीत आपण सगळे कार्टिंगला जाऊ' असे सांगा. नकारासोबत एखादा होकार असला की मुलांना नकार पचवणे सोपे जाते. आणि त्याच्याबरोबर ट्रॅकवर तुम्हीही उतरा. बाबांना वळणावर गिरकी घेताना पाहून मुलगा पोट धरून हसेल, तर हसू द्या. घरी परतताना गाडीत तोच सांगू लागेल, ''बाबा, तुम्ही ब्रेक उशिरा लावता. आधी हळू व्हायचं असतं!''

हेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला तर तुम्ही इतकी वर्षे थांबला होता ना?