ओळंबाही झुकतो

पंचगंगेच्या काठी एका गावात दोन चुलतभाऊ बांधावर समोरासमोर उभे होते. "ह्यानं माझा बांध कोरलाय," थोरला सांगत होता. धाकट्यानं बेलभंडारा उचलला. थोरल्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी भूकरमापक, हातात जुनं टिपण घेऊन मधे उभा. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. ज्याला त्याला लहानपणापासून जसा दिसला तसाच बांध तो सांगत होता. संध्याकाळी मोजणी संपली आणि हद्दीची रेघ दोघांनी दाखवलेल्या जागा सोडून तिसरीकडेच निघाली.

आता निवृत्त झालो आहे. घरात धर्माचा विषय निघाला की मुलगी म्हणते, "बाबा, ज्याचं त्याचं सत्य असतं." तिचा हेतू चांगला आहे, कुणाला दुखवू नये असा. पण मला ते पटत नाही. बांधावर ज्याची त्याची हद्द मान्य केली असती, तर निकाल काठीनं लागला असता. खरं काय ते शोधायची सोय असते, म्हणूनच दुबळ्यालाही दाद मागता येते.

मग माणूस आपल्या जागेवरूनच पाहतो, त्याचं काय? आम्ही जैन. आई रोज बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जायची. तिथल्या प्रवचनात मी 'स्याद्वाद' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' असं पुष्कळांना वाटतं. जैन तर्कात त्याचा अर्थ 'एका अपेक्षेने' असा आहे. आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'त याचं सोपं उदाहरण दिलं आहे. सोन्याचा घडा वितळवून मुकुट केला. घडा हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, ज्याला फक्त सोनं हवं होतं तो शांत राहिला. तिघांच्या भावना वेगळ्या, तरी तिन्हींना त्या वस्तूतच आधार आहे. घडा खरोखरच मोडला, मुकुट खरोखरच झाला आणि सोनं खरोखरच टिकलं.

या स्याद्वादावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात कडक हरकत घेतली. सगळंच अनिश्चित असेल, तर ही शिकवणही अनिश्चितच ठरते. मग तिच्या भरवशावर कुणी वागायचं कसं? हरकत वजनदार आहे. जैनांचं उत्तर असं, की अपेक्षा एकदा सांगितली की विधान पक्कं होतं. मोजणीवाल्याला हे लगेच कळतं. प्लेन टेबल, म्हणजे शेतात मांडून नकाशा काढायचा फळा, कोणत्या दगडावर मांडलं हे ठाऊक नसेल, तर नकाशावरच्या रेघेला काही अर्थ नाही. टेबल दोन जागांवर मांडून एकाच झाडाकडे रेघा काढल्या, तर त्या छेदतात तिथं झाड असतं. तिसऱ्या जागेवरची रेघ त्याच बिंदूतून गेली नाही, तर कुठंतरी चूक आहे.

चूक कधी कधी हत्यारातच असते. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं, जमिनीवरच्या त्रिकोणांनी आणि आकाशातल्या ताऱ्यांनी. दोन्हींत कोनाच्या 5.236 सेकंदांचा फरक आला, म्हणजे जमिनीवर सुमारे 160 मीटर. ताऱ्यांचं माप ओळंब्याच्या भरवशावर असतं, आणि हिमालयाचं प्रचंड वस्तुमान त्या ओळंब्याला आपल्याकडे ओढत होतं. कोलकात्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट यांनी 1855 साली ही ओढ गणितानं काढली, तर ती प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ तिप्पट भरली. मग खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी कारण सुचवलं: पर्वतांची हलक्या खडकांची मुळं खाली खोलवर गेलेली असतात, म्हणून ओढ कमी पडते. ओळंब्याची चूक शोधता शोधता पृथ्वीच्या पोटातलं गुपित हाती लागलं.

घर, जात, भाषा, आईचा आवाज हे आपापले हिमालय. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा ओळंबा झुकणारच. तरीही तो किती झुकला हे शोधता येतं; त्यासाठी दुसऱ्या रीतीनं मोजणारा माणूस आपल्यासोबत हवा.

तीर्थंकरांना केवलज्ञान झालं, त्यांनी सारं काही एकाच वेळी जाणलं, यावर माझी श्रद्धा आहे. ते मी मोजलेलं नाही, मोजणीची साखळी तिथवर पोचत नाही. म्हणून मुलगी विचारते तेव्हा मी "मी मानतो" म्हणतो, "सिद्ध झालं आहे" म्हणत नाही. पण एखादी श्रद्धा जेव्हा शेजाऱ्याच्या शेताबद्दल, त्याच्या शरीराबद्दल, त्याच्या हक्काबद्दल बोलते, तेव्हा तिनं मोजणीला उभं राहिलंच पाहिजे.

त्या संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, "साहेब, तुमचीच साखळी चुकली असली तर?" मी त्याला निमताना मोजणीचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. पहिली मोजणी मान्य नसेल, तर वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो. माझ्या कामावर कुणीतरी पुन्हा साखळी टाकू शकतो, म्हणून मी त्या कागदावर निर्धास्त सही करत आलो. स्वतःला सत्य म्हणवणाऱ्या प्रत्येक मताकडं मी हीच एक सोय मागतो.