चित्रामागचं गणित (लेखांक ७) : उतार कर्नेलमधून काढताना

मागच्या लेखांकात चित्र मोठं करताना दोन पिक्सेलांमधली जागा कशी भरतात ते पाहिलं. आता पुढचा प्रश्न : त्या भरलेल्या जागेतला उतार किती?

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातल्या रडारने ११ दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. अकोले तालुक्यातलं १६४६ मीटर उंच कळसूबाई शिखरही त्यात आलं. या नोंदी आज साधारण ३० मीटर अंतराच्या जाळीत मिळतात. हे एक चित्रच आहे, फक्त पिक्सेलमध्ये रंगाऐवजी उंची आहे. पाणलोटाची कामं आखताना, सलग समतल चर कुठे खोदायचे हे ठरवताना, उंचीइतकाच उतार महत्त्वाचा असतो.

उतार म्हणजे उंचीचं विकलन. पण सुट्या आकड्यांचं विकलन करायचं कसं? इंटरपोलेशनमध्ये, म्हणजे मधली जागा भरताना, आपण शेजारच्या आकड्यांना कर्नेलने, म्हणजे अंतरानुसार वजन ठरवणाऱ्या सूत्राने, ठरवलेली वजनं देऊन बेरीज करतो. आकडे स्थिर असतात, जागेनुसार वजनं बदलतात. म्हणून विकलन कर्नेलचं करायचं, तेही एकदाच. आकडे तेच ठेवून ही नवी वजनं लावली की उतार मिळतो.

समजा, ओळीतल्या चार उंची ६००, ६०६, ६१८ आणि ६२१ मीटर आहेत. सर्वात जवळचा आकडा उचलणारा कर्नेल जिकडेतिकडे उतार शून्य दाखवतो आणि मध्येच पायरी पाडतो. सरळ रेषेने जोडणाऱ्या कर्नेलमध्ये ६०६ च्या डावीकडे चढ २० टक्के, उजवीकडे एकदम ४० टक्के. नेमक्या त्या बिंदूवर उत्तरच नाही. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेला घन कर्नेल तिथे दोन्ही शेजाऱ्यांतला फरक ६० मीटरने भागतो : १८ भागिले ६०, म्हणजे ३० टक्के. त्याचा उतार कुठेही तुटत नाही.

पाणी कुठे साचेल हे पाहायला उताराचाही बदल, म्हणजे दुसरं विकलन लागतं. तिथे कीजचा कर्नेल तुटतो. घन बी-स्प्लाइन दुसऱ्या विकलनापर्यंत अखंड राहतो. मात्र तो मूळ आकड्यांतून जावा यासाठी आधी त्या आकड्यांवर एक गाळणी चालवावी लागते.

गुळगुळीतपणाची किंमतही आहे. कीजच्या कर्नेलची काही वजनं ऋण असतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी शेजारच्या दोन नोंदींत १६० मीटरचा फरक पडला, तर कड्यामागच्या सपाट पठारावर तो सुमारे १२ मीटरचा खोटा उंचवटा आणि त्यासोबत खोटा उतार उभा करतो. सरळ रेषेचा कर्नेल असं करत नाही. शिवाय उंचीच्या एकाच नोंदीत ३ मीटरची चूक असली, तरी कीजच्या कर्नेलने काढलेला शेजारच्या बिंदूवरचा उतार ५ टक्क्यांनी चुकतो.

म्हणून कर्नेल निवडताना चित्र किती देखणं दिसतं यावर जाऊ नका. किती वेळा विकलन करायचं आहे आणि जमिनीला कडे किती आहेत, हे आधी विचारा. पुढच्या आठवड्यात या चुका आवरणाऱ्या गाळण्या पाहू.