दुकानात लुटारू शिरला तर?

आपल्या वस्त्यांतून किराणा, शिलाई, मोबाईल दुरुस्ती अशी लहान दुकाने समाजबांधव चालवू लागले आहेत. कर्ज काढून उभारलेल्या दुकानात रात्री गल्ला मोजताना कुणी सुरा दाखवला तर काय करावे, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. "हात उचलला तर उलट आमच्यावरच केस होईल ना?" ही त्यामागची भीती.

ही भीती अर्धी खरी आहे, अर्धी खोटी. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमे बदलली (पूर्वी 96 ते 106, आता 34 ते 44), हक्क तोच राहिला. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करताना केलेली जरुरीपुरती कृती गुन्हा ठरत नाही. जबरी चोरीला तोंड देताना लुटारूचा जीव गेला, तरी कलम 41 दुकानदाराला संरक्षण देते. बिस्किटाचा पुडा उचलून पळणाऱ्याचा जीव घेण्याची मुभा मात्र नाही. हल्ला झालेल्या माणसाने प्रत्येक घाव मोजूनमापून घालावा ही अपेक्षा अवास्तव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे.

पण हक्काला मर्यादा आहे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. सुरा खाली पडला, लुटारूला चौघांनी धरले, धोका टळला, की हक्कही संपला. त्यानंतरची लाथ हा बचाव नव्हे, सूड आहे. खांबाला बांधलेला माणूस मेला तर मारणाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होतो आणि आपली कमावती पोरे तुरुंगात जातात. शिवाय तो चोर आहे हे ठरवले कुणी? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजाच्या 5 निरपराध माणसांना ठार मारले. संशयाचे बळी बहुधा गरीबच असतात, हे आपण विसरू नये.

म्हणून इतके ध्यानात ठेवा. गल्ल्यापेक्षा जीव मोठा. 112 वर फोन करा. डोळ्यांदेखत जबरी चोरी करणाऱ्याला नागरिकही पकडू शकतो. पण विनाविलंब, फार तर 6 तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. बचावासाठीच मारले हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर असते. तेव्हा जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करा, साक्षीदारांची नावे लिहून ठेवा, फिर्यादीची मोफत प्रत मागून घ्या.

"पंचशील घेणाऱ्याने हात उचलावा का?" असे एका उपासिकेने आम्हाला विचारले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भगवान बुद्धांनी भेद केला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. कायद्याची रेषाही तिथेच आहे. गरज संपली की हात थांबला पाहिजे.

जय भीम!