कथानक : घटनाक्रम आणि कार्यकारणभाव

‘घाटकोपरला त्याची लोकल चुकली, संध्याकाळी लग्न मोडले’ हा केवळ घटनाक्रम होय. ‘लोकल चुकल्याने तो लग्नाच्या बैठकीला पोहोचला नाही, मुलीकडच्यांना तो अपमान वाटला आणि लग्न मोडले’ असे म्हणताच घटना कार्यकारणभावाने जोडल्या जातात आणि कथानक आकारास येते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हाच भेद स्पष्ट केला.

घटना घडल्या त्याच क्रमाने सांगाव्यात, असे मात्र बंधन नसते. किरण नगरकर यांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) या कादंबरीत काळाचा क्रम मोडला आहे. प्रसंगांमधील संबंध वाचकालाच जुळवावे लागतात. म्हणून उत्तर लिहिताना कथासारावर थांबू नये. ‘हे का घडले?’ आणि ‘ते येथेच का सांगितले?’ याचाही शोध घ्यावा.